जुन्या लेन्सवरचा क्रमांक पुसू नका

१/ माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर सध्या सोव्हिएत बनावटीची एक लेन्स असते: ज्युपिटर-११, १३५ मिमी. फोकस हाताने, ॲपर्चरही हाताने. हौशी मंडळी अशा लेन्सच्या ‘जुन्या लुक’विषयी भरभरून बोलतात. मला तिच्या वंशावळीविषयी बोलायचे आहे आणि त्यातून निघणारा एक आग्रह मांडायचा आहे.

२/ तिचे मूळ जर्मनीत आहे. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. म्हणून लुडविख बेर्टेले यांनी भिंगे एकमेकांना चिकटवून अशा सीमा कमी केल्या. ही ‘सोनार’ रचना १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याबरोबर नावारूपाला आली.

३/ १९३५ मध्ये त्याच झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा पातळ लेप शोधला. पुढे महायुद्ध आले.

४/ १९४५ मध्ये येना शहर प्रथम अमेरिकी सैन्याच्या हाती पडले. ठरल्याप्रमाणे ते सोव्हिएत सैन्याकडे सोपवण्यापूर्वी अमेरिकनांनी झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे हलवले. मागे राहिलेली यंत्रसामग्री सोव्हिएत संघाने युद्धभरपाई म्हणून नेली. काही तंत्रज्ञांनाही नेले.

५/ कॉन्टॅक्सचा ‘कीव’ झाला. सोनारचा आधी ‘झेडके’, म्हणजे सोनार-क्रास्नोगोर्स्क, आणि मग ‘ज्युपिटर’. अवघ्या काही वर्षांत नावातून जर्मन पूर्वज नाहीसा झाला. रचनेतून मात्र तो गेला नाही.

६/ ही लेन्स आज डिजिटल कॅमेऱ्यावर चालते कशी? माझ्याकडची प्रत ३९ मिमी आट्यांची, रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी बनलेली आहे. तिच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी. आरशाच्या डीएसएलआरमध्ये हेच अंतर ४४ मिमीच्या आसपास असते, त्यामुळे तिथे दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. सोनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात ते १८ मिमी आहे. उरलेले १०.८ मिमी एक धातूचे कडे भरून काढते. आत एकही काच नाही.

७/ सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या शिखरावरचे कोरीवकाम मी जमिनीवरून याच लेन्सने टिपले. लहान संवेदकावर ती सुमारे २०० मिमीइतके जवळचे दृश्य देते. नवी टेलिफोटो घेणे शिष्यवृत्तीत बसणारे नव्हते.

८/ चूक नंतर कळली. अशी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही. छायाचित्राच्या फाइलमध्ये लेन्सचे नाव नाही, ॲपर्चर नाही. वर्षभराने कोणते चित्र कोणत्या लेन्सचे, हे मलाच सांगता येईना. जी मंडळी दप्तरातल्या कागदावर तारीख नाही म्हणून हळहळतात, त्यांच्यातल्याच एकाने बेतारखी साधने निर्माण केली होती. आता वहीत हाताने नोंद करतो.

९/ आता आग्रह. चित्रपटांसाठी जुन्या लेन्सची भिंगे काढून नव्या नळकांड्यात बसवली जातात. हौशी लोक बैठका कापतात, घासतात. वस्तू वापरात राहावी, हे मला मान्य आहे. काचेच्या कपाटात ठेवलेली लेन्स बुरशी धरते. पण सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा तिचे वर्ष सांगतात, आणि कड्यावरचे चिन्ह कारखाना सांगते. मूळ कडे फेकले की उरते ती अनाम काच.

१०/ म्हणून जोडणी अशी करावी जी उद्या सोडवता येईल. दुरुस्तीपूर्वी क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, मूळ भाग डबीत जपावेत. या लेन्सचे नाव एकदा सत्तेने बदलले आहे. दुसऱ्यांदा ती ओळख आपल्या हौसेपायी पुसली जाऊ नये.