ड्राइव्हची जागा: कपाटात की मोटरीत?

यंत्राच्या एका अंगाला उभे असलेले लोखंडी कपाट, त्यात ओळीने बसवलेले, मोटरी चालवणारे ड्राइव्ह, त्यांना गारवा पुरवणारे पंखे किंवा वातानुकूलक, आणि कपाटाच्या तळातून निघून केबल-ट्रेच्या वाटेने प्रत्येक मोटरीपर्यंत गेलेली केबलींची जुडगी, हे दृश्य आपल्या कारखानदारीत इतके रूढ झाले आहे की ते यंत्राच्या स्वभावातूनच निपजले असावे, असा समज अनुभवी आरेखकांचाही असतो. मोटर आणि तिला चालवणारी इलेक्ट्रॉनिक मंडले एकाच कवचात मिळू लागली तेव्हा या समजाला धक्का बसला, आणि तेव्हापासून तो हरकतींच्या रूपाने बोलू लागला आहे. त्या हरकतींपैकी काही सबळ आहेत, काही ऐकीव आहेत, आणि एक तर ज्या पक्षाच्या पुष्ट्यर्थ मांडली जाते त्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

पहिली हरकत उष्णतेची, आणि ती सबळांपैकी आहे. एफ वर्गाच्या निरोधनाची मोटरीतील गुंडाळी 155 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान सोसू शकते. उलट ड्राइव्हमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतका नाजूक की त्याचे तापमान 10 अंशांनी वाढले तर आयुष्य निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. तेव्हा अशा दोघांना एका घरात नांदवणे हा अविचार होय, असे वादी म्हणतात. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की मोटरीत घातलेला ड्राइव्ह म्हणजे कपाटातलाच ड्राइव्ह उचलून तिच्या पाठीवर ठेवलेला. वस्तुस्थिती तशी नाही. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी फिल्म कपॅसिटर योजणे, गुंडाळीची उष्णता मंडलाकडे जाऊ नये म्हणून मध्ये आडपडदा ठेवणे, मंडलाला स्वतःच्या उष्णतापंखांनी हवेशी जोडणे, या उपायांनी हे घर मुळातच निराळे बांधलेले असते. टेस्ला कंपनीने 2012 साली विकावयास काढलेल्या मॉडेल एस या मोटारगाडीत मोटर, गिअरबॉक्स आणि इन्व्हर्टर एकाच जुळणीत होते, आणि ती जुळणी रस्त्यावरचे धक्के खात धावत होती; तिला द्रवशीतनाची जोड होती हे खरे, पण कंपनाने मंडले खिळखिळी होतील ही दुसरी हरकत तरी त्या उदाहरणापुढे टिकत नाही. आपल्याकडील घरांच्या छतांना आता टांगलेले बीएलडीसी पंखे याच कुळातले. साध्या पंख्याला सुमारे 75 वॉट लागतात तेथे मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांच्या अ‍ॅटमबर्ग कंपनीचा पंखा 28 वॉटमध्ये भागवतो. या बचतीचे श्रेय मुख्यतः स्थायी चुंबकांकडे जाते. तथापि आतले मंडल नसते तर त्या चुंबकांनी एक फेराही घेतला नसता.

शिवाय कपाटातला ड्राइव्ह काही थंड असतो असे नाही. त्याच्यातून जाणाऱ्या शक्तीपैकी शेकडा दोन ते पाच भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि वीस ड्राइव्हांची ती उष्णता एका बंद पेटीत कोंडल्यावर ती बाहेर काढण्यासाठी पेटीला वातानुकूलक लावावा लागतो, त्याच्या जाळ्या साफ कराव्या लागतात, आणि मे महिन्यात तो बंद पडला की सगळे यंत्र उभे राहते. हीच उष्णता वीस मोटरींच्या वीस कवचांवर वाटली गेली तर तिला वाहून नेण्यास कारखान्यातली हवा बहुधा पुरी पडते.

आता खर्चाची हरकत. अशी मोटर साध्या मोटरीपेक्षा महाग पडते, यात शंका नाही. पण हा हिशेब मांडणारे गृहस्थ खर्चाच्या बाजूला फक्त मोटर लिहितात आणि केबल मात्र किरकोळ खर्चात ढकलतात. आणि केबल हीच या प्रकरणातली खरी प्रतिवादी आहे. ड्राइव्ह प्रथम आपल्या 415 व्होल्टांच्या त्रिकला विजेचा एकदिश दाब करतो, तो सुमारे 590 व्होल्टांचा, आणि मग त्याचे अतिशीघ्र तुकडे पाडून हवी ती वारंवारता मोटरीला देतो. आयजीबीटी या स्विचाने पाडलेल्या या स्पंदाची कड दहांश मायक्रोसेकंदाच्या आसपास उभी राहते. स्पंद केबलीतून एका मायक्रोसेकंदात सुमारे 150 मीटर धावतो. आणि केबल साडेसात मीटरांहून लांब असली की मोटरीच्या टोकाशी आदळून परतणारी लाट येणाऱ्या लाटेत मिसळून तेथील दाब जवळजवळ दुप्पट, म्हणजे 1,100 व्होल्टांच्याही वर नेते. निरोधन फुटते ते यामुळे. त्यावर उतारा म्हणून फिल्टर आणि चोक घालावयाचे, शेजारच्या संवेदकांना उपद्रव नको म्हणून केबलीला जाळीचे वेष्टन चढवावयाचे, त्या जाळीचे अर्थिंग दोन्ही टोकांना नीट झाले की नाही हे पाहात बसावयाचे: हा सारा संसार केवळ ड्राइव्ह आणि मोटर यांच्यात अंतर ठेवण्याच्या हट्टापायी मांडावा लागतो. सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या स्विचांची कड तर याहून कितीतरी शीघ्र असल्यामुळे निर्धोक लांबी दोनचार मीटरांवर येते. हे स्विच उष्णता कमी करतात म्हणून त्यांची वाखाणणी करावयाची, आणि मग लांब केबलीच्या भयाने त्यांची गती मुद्दाम मंद करावयाची, हा व्यवहार मला तरी समजलेला नाही. ड्राइव्ह मोटरीतच असला म्हणजे हा प्रश्न उद्‌भवत नाही. कारण तेथे केबलीतून धावतो तो एकदिश किंवा साधा प्रत्यावर्ती दाब, आणि तीव्र कडांचा सगळा खेळ कवचाच्या आत वीतभर अंतरात आटोपतो.

"आजवर असेच चालत आले आहे", ही हरकत स्पष्ट शब्दांत कोणी घेत नाही, पण सर्व हरकतींच्या मुळाशी ती असते. तिला इतिहासच उत्तर देतो. वाफेच्या काळात कारखानाभर एक लांब शाफ्ट फिरे आणि पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती पोचवी. वीज आली, मुंबईच्या गिरण्यांना तर 1915 पासून खोपोलीची जलविद्युत् मिळू लागली. परंतु जगभर अनेक ठिकाणी विजेचा पहिला उपयोग वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवून तोच शाफ्ट फिरवण्यासाठी झाला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर द्यावी, ही सूचना तेव्हाच्या व्यवस्थापकांना उधळपट्टीची वाटली. कारण अनेक लहान मोटरींची एकूण क्षमता एका मोठ्या मोटरीहून अधिक लागते, आणि हा हिशेब बरोबरच होता. त्यांच्या हिशेबवहीत न मावलेली गोष्ट अशी की शाफ्ट गेल्यावर यंत्रे त्याच्या सोयीने नव्हे, तर कामाच्या क्रमाने मांडता आली, आणि इमारतीचा नकाशाच बदलला.

मंडनाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. प्लास्टिकच्या पिशव्या घडवून, भरून, मिटवणारे एखादे वेष्टनयंत्र घ्या. फिल्म ओढणारी चाके, भरणीचा स्क्रू, सांधणारे जबडे, कापणारे पाते आणि पुढचा कन्व्हेयर, अशी त्याची अंगे स्वभावतः निराळी आहेत. पण प्रत्येक मोटरीची शक्तीची एक आणि एन्कोडरची एक अशा केबली कपाटाला बांधलेल्या असल्यामुळे यंत्र तोडून ट्रकमध्ये घालताना त्या साऱ्या सोडवाव्या लागतात आणि गिऱ्हाइकाच्या दारी पुन्हा जोडाव्या लागतात. तेथे एक फेरूल उलटसुलट बसले की कमिशनिंगचे दोन दिवस त्यात जातात. दोन्ही कामे एकाच केबलीत करण्याची युक्तीही आता आहे, परंतु ती केबल शेवटी कपाटापर्यंत जातेच. ड्राइव्ह मोटरीत असला म्हणजे शक्ती आणि संदेश वाहणारी एकच संयुक्त केबल एका मोटरीतून पुढच्या मोटरीत जाते. प्रत्येक अंग स्वतंत्र बांधता, स्वतंत्र तपासता आणि स्वतंत्र पाठवता येते. आणि गिऱ्हाइकाने उद्या लेबल चिकटवणारे अंग मागितले तर कपाटात जागा आहे काय, हा प्रश्न उरत नाही. विद्युत्प्रवाहाचे क्षणोक्षणीचे नियमन जागच्या जागी होते, मुख्य नियंत्रकाकडून केवळ गतीची आज्ञा येते. हुजूर कचेरीने गावचा वसूल पाटलावर सोपवून केवळ ताळेबंद पाहावा, तसा हा कारभार. एकाच एकदिश वाहिनीवर अनेक मोटरी असल्या तर थांबणाऱ्या मोटरीची ऊर्जा वेग घेणाऱ्या शेजारणीला मिळते. एरवी ती ब्रेकच्या रोधकात जळून जाते.

मंडल बिघडले की सबंध मोटर फेकावी लागते, ही तक्रार अर्धीच खरी. कित्येक उत्पादकांचा इलेक्ट्रॉनिक भाग चार स्क्रू काढून वेगळा होतो. शिवाय यंत्र बंद पडल्यावर खर्च होतो तो मुख्यतः बंद तासांचा. आणि दोष ड्राइव्हमध्ये, केबलीत, कनेक्टरमध्ये की एन्कोडरमध्ये, या शोधात जाणारा वेळ एकाच वस्तूच्या अदलाबदलीने वाचतो, कारण नव्या वस्तूला तिची सारी मूल्ये नियंत्रक स्वतःच पाठवू शकतो. मात्र गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याकडून मोटर भरून आणण्याची आपली जुनी सोय येथे जाते, आणि लहान कारखानदाराला ते जड जाईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. उत्पादकाच्या मक्तेदारीची भीतीही पोकळ नाही: संदेशाच्या भाषेपुरते कॅनओपन, इथरकॅट यांसारखी मानके आहेत, पण कनेक्टर आणि संयुक्त केबल यांबाबत ज्याचा त्याचा कायदा चालतो.

भट्टीशेजारी, स्फोटक वायूच्या आवारात, बोअरवेलच्या तळाशी आणि शेकडो किलोवॉटच्या कामी ड्राइव्ह दूरच बरा. 48 व्होल्टांच्या लहान मोटरींतही एका किलोवॉटला एकवीस अँपिअर लागत असल्यामुळे लांब साखळी परवडत नाही. या मर्यादा सोडल्या तर पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील यंत्रनिर्मात्यांना माझी विनंती एवढीच की नव्या यंत्राच्या पहिल्या नकाशात कपाटाची मापे लिहू नयेत. आधी अंगे ठरवावीत. आणि मोटर विकावयास येणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: सभोवतालचे तापमान 40 अंश धरून छापलेला टॉर्क चंद्रपूरच्या 45 अंशांत किती उरतो, आणि तिचे मंडल पुढील दहा वर्षे सुटे मिळेल की नाही.