उपाशीपोटी की उपवास?

बंगळुरूच्या चिकपेटमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या आमच्या एका वर्गणीदार डॉक्टरांचे पत्र गेल्या महिन्यात आले. सोबत एका मराठी संमतिपत्राच्या तीन पानांच्या झेरॉक्स होत्या. पत्र रागाने लिहिलेले आहे आणि तो राग रास्त आहे, म्हणून या महिन्याचे संपादकीय त्याच पत्रावर.

रुग्ण गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, दुकानात काम करणारा, मूळचा विट्याकडचा, पंचेचाळिशीतला. टाइप २ डायबेटिस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू असूनही एचबीए१सी ९.१. शहरातल्या एका केंद्रावर एसजीएलटी-२ गटातल्या संयुक्त गोळीची चाचणी चालू होती, तिकडे डॉक्टरांनी त्याला पाठवले. स्क्रीनिंग पार पडले. रँडमायझेशनच्या दिवशी फास्टिंग ग्लुकोज २६३ आले. प्रोटोकॉलची मर्यादा २४०. कोऑर्डिनेटरने विचारले, सकाळी काही खाल्ले होते का? तो म्हणाला, "नाही साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणं उपवास केलाय. नुसती साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तीपण थोडीच."

संमतिपत्रात वाक्य असे आहे : "अभ्यास-भेटीपूर्वी आपण किमान आठ तास उपवास करणे आवश्यक आहे." त्याने वाक्य वाचले आणि तंतोतंत पाळले. मराठी घरात उपवास म्हणजे खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळे. ग्लुकोज चढवायचेच असेल तर याहून नेमका बेत सांगता येणार नाही. फास्टिंगला आपल्याकडे "उपाशीपोटी" हा साधा शब्द आहे. कोपऱ्यावरच्या लॅबच्या पाटीवरसुद्धा तो असतो. केंद्राने मात्र सोर्स डॉक्युमेंटमध्ये नोंद केली : सहभागी नॉन-कम्प्लायंट. पुन्हा तपासणीची मुभा होती, पण त्याच आठवड्यात भरती बंद झाली आणि तो स्क्रीन फेल्युअर म्हणून बाद झाला.

हे वाक्य छापले कसे गेले, ते पाहू. या मराठी मजकुराला भाषांतराचे प्रमाणपत्र आहे, उलट-भाषांतराचे प्रमाणपत्र आहे, आवृत्ती क्रमांक आहे, तारीख आहे, एथिक्स कमिटीचा शिक्का आहे. "उपवास"चे इंग्रजीत उलट-भाषांतर "फास्टिंग" असेच होणार. मूळ शब्दाशी जुळले, चौकटीत बरोबरची खूण झाली, काम संपले. त्या कमिटीत मराठी वाचणारे कोणी असण्याची शक्यता किती? सदस्यांनी इंग्रजी मूळ वाचले आणि इंग्रजी उलट-भाषांतर वाचले. ज्या भाषेत रुग्ण सही करणार ती पाने कोणीच वाचली नाहीत.

एक वाचक, ज्या स्वतः अनेक वर्षे कोऑर्डिनेटर आहेत, त्यांनी पूर्वी आम्हाला कळवले होते की त्यांनी एकदा "यादृच्छिकीकरण" काढून "तुम्हाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टरांच्या हातात ते नाही" असे वाक्य घातले. उलट-भाषांतरात "लॉटरी" आले. प्रायोजकाच्या कार्यालयाने हरकत घेतली की लॉटरी म्हटले की जुगाराचा भास होतो. वाक्य परत "यादृच्छिक पद्धतीने नियुक्त केले जाईल" असे झाले. म्हणजे या पद्धतीत मराठी जितकी अवघड तितके उलट-भाषांतर चोख उतरते, आणि माणसाला कळेल असे वाक्य लिहिले की ते "मुळापासून ढळलेले" ठरते. एक शब्द बदलायचा तर नवी आवृत्ती, नवे प्रमाणपत्र, महिन्यातून एकदा बसणारी कमिटी. भरतीची मुदत धावत असताना कोण या भानगडीत पडेल?

न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९ काय म्हणतात ते आपणां सर्वांना पाठ आहे. माहिती तांत्रिक नसलेल्या आणि सहभागीला समजेल अशा भाषेत द्यायची. कमिटीत किमान सात सदस्य, निम्मे संस्थेबाहेरचे, त्यांत सामान्य नागरिक हवा. त्या सामान्य नागरिकाच्या खुर्चीचे कामच हे आहे की अशा वाक्यावर हात वर करायचा. कमिटीची नोंदणी औषधचाचण्यांसाठी सीडीएससीओकडे वेगळी आणि इतर आरोग्य संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे वेगळी. दोन दरवाज्यांवर दोनदा तेच कागद चढतात. एवढा कागद तपासला जातो, तर तीन पाने मराठीही तपासता आली पाहिजेत.

तिसऱ्या अनुसूचीतल्या फॉर्मचा आणखी एक कोपरा पाहा. त्यात सहभागीचे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव विचारले जाते. मृत्यू झाल्यास भरपाईचे सूत्र सातव्या अनुसूचीत आहे : आठ लाखांची आधारभूत रक्कम, वयाचा गुणक, जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. या सूत्रात उत्पन्न कुठेही नाही. तरी रकाना आहे. सोने-चांदी गाळणाऱ्या माणसाला कोणी सरकारी वाटणाऱ्या कागदावर वार्षिक उत्पन्न विचारले की त्याच्या मनात आधी कुठले खाते येते हे सांगायला नको. आमचे चिकपेटचे डॉक्टर लिहितात की या एका रकान्यापाशी त्यांचे दोन रुग्ण उठून निघून गेले. त्याच फॉर्मवर "नॉमिनी"चे मराठी "नामनिर्देशित व्यक्ती" केले आहे. विम्याच्या आणि बँकेच्या कागदांमुळे नॉमिनी हा शब्द आता घराघरात मराठीच झाला आहे. तो हुसकून लावायचे कारण काय?

शब्दांची ही बाब सौंदर्याची नाही, सुरक्षिततेची आहे. धोक्याच्या यादीत झेरॉक्सच्या दुसऱ्या पानावर लिहिले आहे : "अल्पशर्करारक्तता, लक्षणे – स्वेदन, कंप." गलाईवाला दिवसभर भट्टीपुढे असतो, घाम त्याला रोजच सुटतो. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या अशा माणसाला "घाम येईल" हे सांगून काहीच सांगितल्यासारखे होत नाही. "काम थांबवून सावलीत बसल्यावरही गार घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यापुढं अंधारी आली, तर शुगर उतरली समजा, साखर तोंडात टाका" असे लिहावे लागते. त्याच गोळीतल्या एसजीएलटी-२ घटकासाठी "केटोअ‍ॅसिडोसिसची दुर्मिळ शक्यता" एवढेच छापले आहे. उलट्या-जुलाब झाले, जेवण गेले नाही, तर गोळी थांबवा आणि या नंबरवर फोन करा, हे वाक्य सबंध मराठी मजकुरात नाही. मूळ इंग्रजीत असेल तर ते कुठे गळले, हे प्रायोजकाने सांगावे.

चिकपेटच्या मराठीचा एक पेच पत्रलेखकांनी नेमका मांडला आहे. त्या पेठेत मराठी एक नाही. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली त्या काळापासूनचा मराठी वावर शहरात आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या घरांची बोली कन्नड मिसळलेली, वेगळ्या वळणाची. त्यांतले अनेकजण देवनागरीपेक्षा कन्नड लिपी भराभर वाचतात. खानापूर-आटपाडीकडून गलाईसाठी आलेल्यांची मराठी सांगलीची. अशा दोघांपुढे पुण्याच्या भाषांतर-कंपनीत तयार झालेला एकच फॉर्म ठेवला जातो. पहिल्याला कन्नड फॉर्म द्या आणि समजावून मराठीत सांगा. नियम त्याच्या आड येत नाहीत. दुसऱ्याला "तुला हिंदी येते ना" म्हणून हिंदी फॉर्मवर सही घेण्याचा प्रकार मात्र सर्रास चालतो, आणि तो करणाऱ्यांत आपलेच वाचक आहेत. नव्या रेणूंच्या चाचण्यांत दुर्बल गटातल्या सहभागींच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे. ते चित्रण कधी तरी शांतपणे बसून पाहा. किती वेळा माणूस नुसती मान डोलावताना दिसतो ते मोजा.

भारतीय डायबेटिसबद्दल जगाला जे नवे सांगितले गेले, त्यातला मोठा वाटा मराठी बोलणाऱ्या माणसांच्या सहभागावर उभा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालय, पुणे यांचा मातृपोषणाचा अभ्यास १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झाला. वजनाने हलकी पण चरबीने जड अशी भारतीय बाळे त्यातून समजली, आणि ती बाळे मोठी होईपर्यंत पाठपुरावा चालू राहिला. दोन दशकांहून अधिक काळ कुटुंबे एखाद्या अभ्यासात टिकतात ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी असेल तरच. आज आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या आकड्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी पाच-दहा रुपयांपासून मिळू लागली. संयुक्त गोळ्यांची रांग लागली आहे, इंजेक्शनांची लागते आहे. चाचण्या वाढणार, आणि सह्याही.

आता वाचकहो, स्पष्ट बोलतो. मुख्य संशोधक म्हणून ज्यांची नावे फॉर्मवर छापली जातात, त्यांतल्या कितींनी स्वतःच्या केंद्राचा मराठी फॉर्म पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आहे? संमती घेणे कोऑर्डिनेटरवर सोपवून ओपीडी गाठणारे आपणच आहोत. प्रायोजक मुंबईत, भाषांतर पुण्यात, कमिटी बंगळुरूत, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्या टेबलाशी रुग्णासमोर आपण बसतो.

म्हणून येत्या महिन्यात एवढे करा. आपल्या केंद्रावर चालू असलेला प्रत्येक मराठी फॉर्म वैद्यकाशी संबंध नसलेल्या दोन मराठी माणसांना वाचायला द्या. वॉर्डबॉय चालेल, दुकानदार चालेल, आपली आई चालेल. "फास्टिंग म्हणजे तू काय करशील?", "गोळी कोण ठरवणार?", "नको वाटलं तर काय करशील?" हे तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून कमिटीला पाठवा. कमिटीवर जे आहेत त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घ्यावे की मराठी मजकूर प्रत्यक्ष कोणी वाचला. वाचणारा सदस्य नसेल तर शहरातला एक मराठी वाचक निमंत्रित म्हणून बोलवा.

आणि अडलेले शब्द आमच्याकडे धाडा. प्रायोजकाचे नाव, प्रोटोकॉल क्रमांक, रुग्णाची ओळख हे सगळे काढून टाका, फक्त वाक्ये पाठवा. पुढच्या अंकापासून दर महिन्याला एक पान या वाक्यांसाठी राखून ठेवले आहे. सुरुवात चिकपेटहून आलेल्या त्या तीन पानांपासून करतो आहोत.