टॉर्कचा आकडा पुरेसा नाही

मा. संपादक,


‘स्क्रू पाइलचा पाया’ या आपल्या गेल्या अंकातील लेखात, दांड्याला स्क्रूसारखी पाती असलेला खांब जमिनीत फिरवताना लागलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) नोंदवला की पाया निर्धोक, असे ठाम विधान आहे. ते घातक आहे. टॉर्कवरून उभा भार आणि उपसणारे बळ यांचा अंदाज बांधता येतो. वारा व भूकंप यांच्या आडव्या रेट्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. खोलवरची पाती या रेट्यापुढे फारशी कामाची नसतात. तिथे झुंजतो तो दांडा आणि वरच्या थरातली माती, आणि तीच माती पाती फिरताना विस्कटलेली असते!

आडव्या रेट्याचे एक उदाहरण पाहा: अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात शार्प्स आयलंडचा स्क्रू पाइलवर उभा असलेला दीपस्तंभ १८८१ मध्ये वाहत्या बर्फाने पायावरून उखडून नेला. आतले रखवालदार सुदैवाने वाचले. तोवर उभा भार त्या खांबांनी वर्षानुवर्षे पेलला होता.

उपाय आहेत. दांड्याचा व्यास वाढवावा; नळीची जाडी त्याच प्रमाणात ठेवून व्यास दुप्पट केला, तर वाकण्याविरुद्धचा ताठरपणा सोळापट होतो. काही खांब तिरके घालावेत. दांड्याचे जोड वाकण्यासाठी तपासावेत, कारण अनेकदा तेच आधी ढिले पडतात. पाइलवरील आडव्या भाराच्या चाचणीची रीत आयएस २९११ या भारतीय मानकाच्या चौथ्या भागात दिलेली आहे.

घर बांधणाऱ्या वाचकांना विनंती: ठेकेदाराने टॉर्कचा तक्ता दाखवला, तर आडव्या चाचणीचा अहवालही मागा.

– एक स्थापत्य अभियंता, रत्नागिरी