कोरियाचे अंगण, भंडाऱ्याची छपरी

मराठीच्या प्राध्यापकाकडे घराच्या कामासाठी लोक येतात ते फक्त वास्तुशांतीच्या आधी, नाव विचारायला. ‘मातृछाया’ झाली, ‘पितृकृपा’ झाली. आता काही निराळे सुचवा, म्हणतात. त्यामुळे सोल शहरात १९९३ साली बांधलेल्या एका घराचे नाव कळले, तेव्हा मला ते ठेवणाऱ्याचा हेवाच वाटला. ‘सुजोल्दांग’; म्हणजे आपले साधेभोळेपण राखून असलेले घर. मालक कोरियातले नामवंत कला-इतिहासकार यू होंग-जुन, आणि घराचे शिल्पकार सुंग ह्यो-सांग. याच गृहस्थांनी पुढे १९९६ साली गरिबाच्या सौंदर्यदृष्टीवर एक छोटे पुस्तकही लिहिले. घराची बांधणी आजची, सजावट जवळजवळ नाही. पण पोटात जुन्या कोरियन घरासारखे मोकळे अंगण. शहरातली महागडी जागा, आणि तीत हे अंगण मुद्दाम रिकामे!

हल्ली आपल्याकडच्या मुली कोरियन मालिका पाहतात आणि ‘तसले घर हवे’ म्हणून हट्ट धरतात. पांढऱ्या भिंती, लाकडी चौकटीची सरकती दारे, जमिनीलगतचे मेज आणि सामान म्हणून जवळजवळ काही नाही. दिसायला ते फार देखणे असते, यात शंका नाही. पण हे रितेपण आले कोठून, ते मालिकेत कोणी सांगत नाही.

ते आले थंडीतून. जुन्या कोरियन घरात, त्याला ‘हानोक’ म्हणतात, चुलीचा धूर आणि धग खोलीच्या दगडी फरशीखालून खेळवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडतात. वर तेल पाजलेला कागद. या ऊबदार जमिनीला ‘ओंदोल’ असे नाव आहे. आता जमीनच ऊबदार म्हटल्यावर खुर्ची कोणाला हवी? बसणे खाली, जेवणे खाली, निजणेही खाली. सकाळी अंथरूण गुंडाळून पेटीवर ठेवले की निजायची खोली बैठकीची होते. मेज आणले की जेवणाची. उन्हाळ्याची सोय निराळी: जमिनीपासून उचललेली, वारा खेळणारी फळ्यांची ओसरी, ‘मारू’. पुढे आलेली वळचण अशी की उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन आत येत नाही आणि हिवाळ्यातले कलते ऊन थेट खोलीत येते. समोर ‘मादांग’, म्हणजे अंगण. त्यात ना हिरवळ, ना कारंजे. धान्य वाळवायला आणि लग्न लावायला ते मोकळेच हवे.

पुढे कोरियन माणूसही हानोक सोडून उंच इमारतींत गेला. आज तिथली निम्म्याहून अधिक घरे अशाच सदनिका आहेत. परंतु जमिनीची ऊब त्याने सोडली नाही. चूल गेली, तिच्या जागी फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आल्या. जोडे मात्र अजून दाराशीच. बाकी सारे टाकले तरी एक गोष्ट त्यांनी बरोबर नेली, आणि मला वाटते त्यांची खरी हुशारी या निवडीत आहे.

आपण काय बरोबर नेले?

भंडाऱ्याकडचे जुने घर आठवून पाहा. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढे छपरी, मागे सांदवाडी. छपरीत दिवसा धान निवडायचे, दुपारी पाहुण्याला बाज टाकून द्यायची, संध्याकाळी तिथेच पोरांचा अभ्यास. जेवायला पाट मांडायचे, जेवण झाले की भिंतीशी उभे करायचे. सामान कमी आणि जागा एकच, पण उपयोग दहा. ‘मिनिमल’ हा शब्द मात्र कोणाला ठाऊक नव्हता. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. ती भांडी चुलीवर आणि पाणवठ्यावर असत. हल्ली दिवाणखान्यात कोपऱ्यात एक घागर ‘शोभेला’ ठेवतात. रिकामी घागर आणि तिच्यावर दिवा! असो.

त्या घराचे गोडवे गाणाऱ्याने एकदा मृगाआधी कवेलू फेरून पाहावेत. वानरांनी फोडलेले निवडा, नवे आणा, माणूस शोधा. आणि तरी श्रावणात खाली भांडी मांडायचीच. म्हणून सिमेंटचा स्लॅब आला त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र स्लॅबबरोबर छपरी गेली, ती कवेलूंच्या दोषापायी जायचे काही कारण नव्हते. मे महिन्यात हा स्लॅब रात्री बारालाही तापलेला असतो आणि माणसे एका खोलीत कूलरपुढे गोळा होतात. मधल्या उघड्या सावलीची जागाच घरात उरलेली नाही.

माझ्या बहिणीचे घर सध्या याच पेचात आहे. जुने घर पाडायचे ठरले. भाचीला कोरियन पद्धतीचे हवे, मेहुण्यांना पुढे मोटारीसाठी पोर्च हवा. दोघांचे बोलणे ऐकून बहिणीच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, “मंग मी बसू कोठं?” त्यांना अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली आहेत, जमिनीलगतच्या मेजापाशी एकदा बसल्या तर उठवायला दोन माणसे लागतील, आणि बंद खोलीत तर त्यांना करमतच नाही.

मी भाचीला हानोकचे एक चित्र दाखवले. खोल्यांच्या पुढे अंगणाच्या बाजूला एक अरुंद, उंच फळी असते. तिच्यावर पाय खाली सोडून बसायचे. तिने ते चित्र आजीपुढे धरले. आजी म्हणाल्या, “हा तर ओटाच होय!”

नकाशा आता बदलला आहे. सरकती दारे राहिली, पण कागदाची नव्हेत; आपल्या पावसात कागद टिकायचा नाही. दारांपुढे छपरी आली, छपरीच्या कडेला ओटा, आणि त्यापुढे थोडे अंगण. मोटार कोठे उभी करायची, यावर मेहुण्यांचे अद्याप समाधान झालेले नाही. ओटा किती उंच, याचा निकाल मात्र लागला. गवंड्याने सासूबाईंना खुर्चीवर बसवून टेपने गुडघ्याची उंची मोजली. सतरा इंच भरली.