कॅशियर बापाची सुट्टी

बायको गेलेल्या माणसाच्या घरी लोक तेराव्यापर्यंत धीर द्यायला येतात आणि त्यानंतर स्थळं घेऊन. ‘वर्षाच्या आत उरकून टाका’, ‘स्वतःसाठी नको, पोरांकडे बघून कर’, ‘बाईमाणसाशिवाय घर चालतं होय?’ धाकट्या मेहुणीचं लग्न व्हायचं असेल तर विचारायलाच नको. मावशीच आई झाली की पोरांना परकं वाटणार नाही, हे वाक्य कुणीतरी हमखास टाकतं. लग्नाचा विषय नकोच असेल तर दुसरे तोडगेही तयार असतात: मुलांना आजोळी ठेवा, नाहीतर गावाकडून आत्याला बोलवून घ्या. सगळ्या सल्ल्यांचा अर्थ एकच, मुलं सांभाळायला बाई शोधा. ज्याची मुलं आहेत तो समोरच बसलेला असतो. त्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू कामावरून सुटतोस किती वाजता?

विधुराचं दुःख विधवेपेक्षा मोठं, असं म्हणण्याचा माझा मुळीच इरादा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात विधुरांच्या तिपटीहून जास्त विधवा मोजल्या गेल्या. नवरे वयाने मोठे असतात हे त्याचं एक कारण, आणि बायको गेली की पुरुषाचं पुन्हा लग्न होतं हे दुसरं. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाचं लग्न वडिलांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लावून दिलं. विधुराची सोय समाज अशी चटकन लावतो. पण ती सोय नवऱ्याची असते. त्याच माणसात एक बाप असतो, त्याच्याकडे पाहायची आपल्याला सवय नाही. नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीबद्दल या सदरात मी बहुतेक वेळा बायकांच्या बाजूने लिहिते. आज या बापाबद्दल.

महाराष्ट्राने ज्याला जवळून ओळखायला हवं असा एक बाप म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ. त्यांच्या पत्नी भीमाबाई १८९६ साली साताऱ्यात वारल्या तेव्हा धाकटा भीमराव जेमतेम पाच वर्षांचा होता. पुढे १९३०च्या दशकात बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने काही आठवणी लिहिल्या. त्यातली पहिली आठवण १९०१ सालची आहे. आपल्याला ती मसूर स्टेशनवरच्या अपमानासाठी माहीत असते, आणि ते योग्यच आहे. पण तो प्रसंग यायच्या आधीची दोन पानं मी अनेकदा वाचली आहेत. आईविना घर कसं चालतं, याचं इतकं कोरडं आणि नेमकं वर्णन मराठी माणसाच्या आयुष्याबद्दल क्वचितच कुणी केलं असेल.

दुष्काळ पडला होता. सरकारने खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव खोदण्याचं काम काढलं होतं आणि रामजी तिथे कॅशियर होते. साताऱ्याच्या घरी चार मुलं: भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या मोठ्या बहिणीचे दोन मुलगे. म्हणजे रामजींच्या अंगावर स्वतःची मुलं होती आणि आईविना झालेली नातवंडंही. बाकीच्या मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. घरात एक आत्या. ती अतिशय मायाळू होती, पण पायाने अधू. तिलाच उचलून ठेवावं लागायचं. तेव्हा मुलं शाळेत जायची आणि आल्यावर स्वयंपाकही करायची. भाकरी जमत नसे. म्हणून तांदळात मटण घालून पुलाव शिजवायचा, कारण त्याहून सोपा पदार्थ त्यांना ठाऊक नव्हता. आत्या आणून ठेवा म्हणणाऱ्यांनी हा मजकूर एकदा वाचावा. आत्या होती, माया होती, शेजारीही चांगले होते. चूल मात्र पोरंच पेटवत होती.

रामजी का आले नाहीत? बाबासाहेब सांगतात ते कारण साधं आहे. कॅशियरला ठाणं सोडता येत नाही. आजही तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला असते त्याला विचारा. मग बापाने पत्र लिहिलं: मला येता येत नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हीच माझ्याकडे या. कुणीही आगगाडी पाहिलेली नव्हती. तयारी जोरात झाली. विलायती कापडाचे नवे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. दुष्काळी कामावरच्या एका कॅशियरने सुट्टीसाठी केलेला हा खर्च पाहिला की माझा जीव थोडा गलबलतो. वर्षभर जवळ नसलेला बाप सुट्टीत सगळं भरून काढायला बघतो, तसा हा खर्च. प्रवास कसा करायचा हेही त्याने पत्रात सविस्तर कळवलं होतं. स्टेशनवर थोरल्या भावाने धाकट्यांना खर्चायला दोन-दोन आणे दिले आणि त्यांनी पहिल्या झटक्यात एकेक लेमोनेडची बाटली मागवली.

पुढचं सर्वांना माहीत आहे. निघाल्याचं कळवणारं पत्र शिपायाने रामजींना दिलंच नाही, म्हणून मसूरला न्यायला कुणी आलं नाही. पोरं महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले तयार होईनात. एक तयार झाला तो दुप्पट भाड्याने, आणि तेही गाडी पोरांनी हाकायची या अटीवर; तो बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर मुक्काम. डब्यात भरपूर जेवण होतं आणि पाणी कुणी देईना, म्हणून ते तसंच राहिलं. या रात्रीचा दोष आईविना असण्यावर टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. भीमाबाई असत्या आणि पोरांसोबत गाडीत असत्या, तरी त्या नाक्यावर त्यांनाही पाणी मिळालं नसतं. तो अपमान जातीचा होता, आणि कुठल्याही बापाच्या नियोजनापेक्षा जात मोठी होती. माझा मुद्दा त्याच्या बाजूचा आहे. सगळ्या वर्षातून बापाच्या वाट्याला एकच सुट्टी आली. तिच्यावर सगळी मदार ठेवावी लागली. आणि ती हातातून निसटल्यावर तिची भरपाई करायला मधले दिवस नव्हतेच.

रामजींनी दुसरं लग्नही केलं. भीमरावाला सावत्र आई आवडली नाही. आपल्या पायावर उभं राहावं म्हणून मुंबईच्या गिरणीत कामाला पळून जायचं त्याने ठरवलं आणि भाड्यासाठी आत्याच्या बटव्यावर डोळा ठेवला. काही रात्रींच्या खटपटीनंतर बटवा हाती लागला, त्यात निघाला अर्धा आणा. ही हकिगत त्यांनीच नंतर सांगितली आहे. त्या सावत्र आईवर अन्याय व्हायला नको. परक्या घरात येऊन दुसरीची मुलं वाढवणाऱ्या बाईची बाजू आपल्याकडे कुणी लिहून ठेवत नाही. पण पोरांकडे बघून कर म्हणणारे पोरांना विचारत नाहीत, एवढं तरी यातून दिसतं.

आणि तरीही या बापाच्या आठवणी मुलाने जन्मभर सांगितल्या. त्या सुट्टीतल्या नाहीत. रामजी कबीरपंथी. मुलांना महाभारत-रामायण मोठ्याने वाचायला बसवायचे, बहिणी आणि शेजारपाजारचे लोक ऐकायला. आपण हे कशाला वाचायचं, असं मुलाने विचारल्यावर ते द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची उदाहरणं द्यायचे: हीन मानलेल्या किंवा साध्या स्थितीतल्या माणसांनी काय करून दाखवलं ते बघ. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे नोंदवलं आहे, वडील जाऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती. मुंबईत आल्यावर परळच्या चाळीत एकच खोली. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात, की भीमरावाला लवकर झोपवून रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकासाठी पैसे नसले की सासरी असलेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. आता हे जमलं कशामुळे, तर रामजी निवृत्त होते. पेन्शन थोडी होती, पण माणूस घरी होता.

हल्ली ‘मेमरीज’ बनवायच्या असतात. रिसॉर्टवाले, फोटोबुकवाले, वाढदिवसाचे मंडपवाले सगळे तेच विकतात. आईविना मुलांच्या बापाला तर ते फार लवकर पटतं, कारण त्याच्या मनात एक धास्ती असते की यांचं बालपण रिकामं जाईल. जावं ना फिरायला, माझं काही म्हणणं नाही. पण लहान मुलांची स्मृती कशी तयार होते यावर बरंच काम झालं आहे. अमेरिकेत रॉबिन फायवश आणि न्यूझीलंडमध्ये एलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी आया मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. ज्या घरात ‘मग काय झालं? तेव्हा तू काय केलंस? कोण आलं होतं?’ असं खोदून खोदून बोललं जातं, तिथल्या मुलांना आपलं बालपण अधिक तपशिलाने आठवतं. साडेतीन वर्षांच्या आधीचं तर बहुतेकांना स्वतःहून काहीच आठवत नाही.

याचा अर्थ दोन वर्षांच्या मुलाची आई गेली तर ती त्याला आठवणार नाही. कितीही माया असली तरी नाही. त्याच्याकडे जी आई राहील ती ऐकलेली असेल, आणि सांगणारा मुख्य माणूस बाप. इथे आपल्या घरांमधला समंजसपणा नेमका आड येतो. फोटो कपाटात जातो, साड्या वाटल्या जातात, ‘पोरासमोर तिचं नाव काढू नका’ अशी ताकीद मिळते. पोराला त्रास होईल असं म्हणतात. खरं तर रडणं मोठ्यांना आवरत नसतं. बोस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डेन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या शाळकरी मुलांचा दीर्घ अभ्यास केला. गेलेल्या माणसाशी मुलं आपल्या परीने नातं टिकवून ठेवतात, ते तोडायला लावू नये, असं त्यांनी मांडलं. आई गेली तर मुलाचं रोजचं आयुष्य वडील गेल्यापेक्षा जास्त उलथतं, हेही त्यांना दिसलं. कारण डबा, गृहपाठ, ताप, कुणाचा वाढदिवस, कुणाशी भांडण हे सगळं तिच्या डोक्यात असतं.

बापाची आणखी एक अडचण आहे, जी मला फार उशिरा सुचली. त्याला बायको माहीत असते ती लग्नापासूनची. ती लहानपणी कशी होती, कुठल्या झाडावरून पडली, कोणत्या विषयात नापास झाली, हे त्याला ठाऊक नसतं. ते आजीकडे आहे, मामाकडे आहे, मावशीकडे आहे. म्हणून आजोळाशी भांडू नये. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार आईमागे बाप हाच नैसर्गिक पालक. आपल्या राज्यातल्याच एका प्रकरणात आई कर्करोगाने गेली, बाप स्वतः आजारातून उठलेला आणि तान्ही मुलगी मावशीकडे होती. मुंबई उच्च न्यायालयाने मुलगी बापाला दिली आणि २०१९ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मला तो निकाल पटतो. पण निकाल हातात घेऊन मावशीला दार बंद करणारा बाप मुलांच्या आईचं अर्धं आयुष्य बाहेर ठेवतो.

बोलायला वेळ लागतो आणि वेळेचा हिशेब नोकरी ठेवते. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटायची मुभा मिळाली ती कर्मचारी स्त्रीला. बाप तिथे जाऊ शकतो याचा विचारच कलमात नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे, तो स्तनपानासाठी आहे, ठीक. पण सहा वर्षांच्या मुलीला घेऊन एकट्याने प्रवास करणाऱ्या बापाने तिला कुठल्या स्वच्छतागृहात न्यायचं? शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचं नाव ‘मॉम्स’ असतं आणि एखाद्या बापाचा नंबर त्यात आला की आम्ही बायका जरा सावरून बसतो, हेही लिहून टाकते. लसीकरणाच्या कार्डावर तर आधी ‘माता’ येते, मग ‘बाल’.

२०१८ सालापर्यंत केंद्र सरकारची बालसंगोपन रजा फक्त बायकांना होती. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात नियम बदलला आणि अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित बापालाही ती मिळू लागली: संपूर्ण नोकरीत ७३० दिवस, त्यातले पहिले ३६५ पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारावर. राज्य सरकारनेही २०१८ मध्येच महिला कर्मचाऱ्यांसोबत पत्नी हयात नसलेल्या पुरुषांना १८० दिवसांची रजा दिली. सरकारी नोकरांपुरती ही गोष्ट चांगलीच झाली. खासगी कंपनीतला, रोजंदारीवरचा, ट्रक चालवणारा, ऊस तोडणारा विधुर मात्र अजून त्या कॅशियरच्याच जागी आहे. पोरांना आत्याकडे ठेवायचं आणि सुट्टीत बोलवायचं.

केंद्राच्या त्या दुरुस्तीत एक गंमत आहे. रजा वर्षातून तीनदाच घेता येते. एकल महिला कर्मचाऱ्याला मात्र सहादा, कारण तिच्या घरी दुसरं कुणी नसतं, आणि ही सवलत अगदी रास्त आहे. एकल पुरुषाला ती दिलेली नाही. त्याच्या घरी दुसरं कुणी असेल, असं बहुधा मसुदा लिहिणाऱ्यानेही गृहीत धरलं असावं. विधुराच्या मुलांनी गोवर, परीक्षा आणि मोडलेला हात एवढ्यावरच वर्ष भागवायचं. हा नियम बदलायला आयोग बसवावा लागत नाही, एक सुधारित अधिसूचना पुरते. कर्मचारी संघटनांच्या मागण्यांच्या यादीत महागाई भत्त्याच्या खाली कुठेतरी ती घालायला हरकत नसावी.