जलसमाधीआधीचा हिशेब

१/ निवृत्त युद्धनौकेपुढे सहसा तीन वाटा असतात: संग्रहालय, भंगार किंवा सागरतळ. तिसऱ्या वाटेला आपण आदराने ‘जलसमाधी’ म्हणतो. मात्र त्या शब्दाच्या वलयामागे दोन हिशेब दडून राहतात, एक विषाचा आणि दुसरा स्मृतीचा. आजचा धागा त्यांविषयी.

२/ पहिल्या दोन वाटा मुंबईने पाहिल्या आहेत. ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. ‘विराट’चे संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीजवळ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती, ते झाले नाही. २०२० मध्ये तिला अलंगला ओढून नेण्यात आले.

३/ पुढे त्याच निवतीच्या समुद्रासाठी ‘गुलदार’ निवडली गेली. सैनिक व रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका १९८५ मध्ये नौदलात आली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. तिला बुडवून पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती साकारण्याची ही योजना.

४/ या वाटेवरचे गाजलेले उदाहरण अमेरिकेचे. ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत लढली. १९६६ च्या आगीत तिच्यावरील ४४ जण मृत्युमुखी पडले. १७ मे २००६ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोलाजवळ स्फोटके लावून तिला बुडवले. ३७ मिनिटांत ती तळाशी गेली.

५/ त्या ३७ मिनिटांआधी मात्र सफाई आणि परवानग्यांची काही वर्षे गेली. तरीही विजेच्या तारांच्या वेष्टनातील पीसीबी हे घातक रसायन पूर्णपणे निघाले नाही; सुमारे ३०० किलो नौकेतच राहिले. हे लपवले गेले नाही. त्याच्या जोखमीचा अभ्यास झाला आणि नंतर तेथील मासेही तपासले गेले.

६/ कृत्रिम भित्तीचे तत्त्व साधे आहे. वाळूच्या तळावर कठीण पृष्ठभाग मिळाला की शंख-शिंपले, स्पंज, प्रवाळ त्यावर रुजतात; त्यामागून मासे येतात. पण मासे वाढले की आजूबाजूचेच एका जागी गोळा झाले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रापणीवर जगणाऱ्या किनाऱ्याला हा फरक पुस्तकी वाटणार नाही.

७/ दुसरा हिशेब स्मृतीचा. खारे पाणी पोलाद खाते. प्रवाळाला सोयीचा सांगाडा इतिहासाला टिकाऊ नसतो. शिवाय तो पाहणार कोण? पाणबुडे आणि तिकीट परवडणारे पर्यटक.

८/ म्हणून माझे मत: नौका जरूर बुडवावी, अलंगपेक्षा हा शेवट अधिक सार्थ आहे. पण आधी सफाईचा अहवाल मराठीत, मच्छीमारांच्या हाती द्यावा. नौकेचे आराखडे, छायाचित्रे आणि तिच्यावर सेवा केलेल्यांच्या मुलाखती जमिनीवर, सर्वांना खुल्या ठेवाव्यात. सागरतळी माशांचे घर होईल. संग्रहालय आपल्याला किनाऱ्यावरच उभारावे लागेल.