खुर्ची देणारा माणूस

१९६३ सालचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार सामाजिक नेतृत्वासाठी तिघांना विभागून मिळाला. वर्गीस कुरियन, दारा खुरोडी आणि त्रिभुवनदास पटेल. कुरियन यांचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. खुरोडी मुंबईचे दूध आयुक्त होते आणि आरे वसाहतीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. जुन्या मुंबईकरांपैकी काहींना ते आठवत असतील. तिसरं नाव मात्र गुजरातबाहेर फारसं कुणी घेत नाही. आज या तिसऱ्या माणसाविषयी लिहायचं आहे, कारण कर्तबगार नेता कुणाला म्हणावं याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला त्याच्या कामात सापडतं.

त्रिभुवनदासांचा जन्म १९०३चा. गांधींच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला हा खेडा जिल्ह्यातला कार्यकर्ता. त्या काळी आणंदमध्ये पोल्सन डेअरीची सत्ता होती. मुंबई सरकारची दूध योजना सुरू झाल्यावर आणंदचं दूध चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊ लागलं आणि ते गोळा करण्याचा मक्ता पोल्सनकडे आला. मुंबईचे पैसे वाढले, पण शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम ठेकेदारच ठरवत राहिला. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सरदारांचा सल्ला होता की स्वतःची सहकारी संस्था काढा, आणि सरकार ऐकत नसेल तर दूध देणं बंद करा. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि पंधरा दिवस खेड्यातून दुधाचा थेंब मुंबईला गेला नाही. दूध काही धान्यासारखं कणगीत भरून ठेवता येत नाही. त्या पंधरा दिवसांत शेतकऱ्यांनी रोज नुकसान सोसलं आणि सरकारला नमवलं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष त्रिभुवनदास. सुरुवातीला गावच्या दोन सोसायट्या आणि दिवसाला अडीचशे लिटरच्या आत दूध, एवढाच पसारा होता.

इथपर्यंतची कथा चळवळीची आहे. आपल्याकडे अशा कथा पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच इथेच संपतात. संप जिंकला, मिरवणूक निघाली, संस्थेची पाटी लागली. मग दूध नासायला लागतं. खेडा संघाचंही तेच होत होतं. सरकारी क्रीमरीचा एक भाग भाड्याने घेतलेला, यंत्रं जुनाट आणि सारखी बंद पडणारी. मुंबईपर्यंत दूध टिकत नव्हतं, आणि समोर पोल्सनसारखा मुरलेला प्रतिस्पर्धी होता. त्रिभुवनदासांकडे गावांचा विश्वास होता. यंत्राचं ज्ञान शून्य.

मे १९४९ मध्ये त्याच क्रीमरीत सत्तावीस वर्षांचा एक सरकारी इंजिनिअर आला. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शिकलेला, शिष्यवृत्तीच्या करारामुळे नाइलाजाने आणंदला पाठवलेला, मल्याळी ख्रिस्ती, मांसाहारी, गुजरातीचा गंध नसलेला. गावात त्याला धड राहायला घर मिळेना, तेव्हा तो एका गॅरेजमध्ये राहिला. करार संपवून मुंबईला पळावं एवढाच कुरियन यांचा त्या दिवसांतला विचार होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्रिभुवनदास त्यांना बंद पडलेली यंत्रं दाखवायला बोलवत आणि हा तरुण ती दुरुस्त करून देई. एक दिवस त्याने स्पष्ट सांगितलं की हे भंगार आहे, यावर वेळ घालवू नका, नवं पाश्चरायझर घ्या.

आता त्या संघाच्या अध्यक्षाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. संस्था तीन वर्षांचीही नाही. तिजोरीत पैसा नाही. सांगणारा माणूस परका, तरुण, फटकळ, आणि बॅग भरून निघायच्या तयारीत असलेला. त्रिभुवनदासांनी किती पैसे लागतील ते विचारलं, उधारउसनवार करून ते उभे केले आणि खरेदीचं काम त्यालाच सांगितलं. पुढे सरकारी नोकरीचा राजीनामा मंजूर होऊन कुरियन निघाले तेव्हा त्रिभुवनदास पुन्हा त्यांच्याकडे गेले. यंत्रं बसेपर्यंत तरी थांबा, एवढंच मागणं. कुरियन थांबले ते जन्मभर.

या प्रसंगात माझ्या लेखी सगळ्यात अवघड काम पैसे उभे करण्याचं नव्हतं. ज्या संस्थेसाठी आपण तुरुंग भोगलेल्या माणसांना घेऊन गावोगाव वणवण केली, तिच्या कारभाराच्या किल्ल्या एका परक्याच्या हातात देणं आणि नंतर त्या परत न मागणं, हे अवघड होतं. कुरियन यांनी 'आय टू हॅड अ ड्रीम' या २००५ साली आलेल्या आत्मचरित्रात त्रिभुवनदासांच्या सचोटीविषयी आणि त्यांनी दिलेल्या मोकळीकीविषयी भरभरून लिहिलं आहे. वाटणी सरळ होती. गावं, सोसायट्या, सभासद हे त्रिभुवनदासांकडे. डेअरी, बाजार, दिल्ली-मुंबईची सरकारं कुरियनांकडे. अशी वाटणी कागदावर अनेक संस्थांमध्ये असते. प्रत्यक्षात अध्यक्षाच्या गावचा मुलगा नोकरीसाठी चिठ्ठी घेऊन येतो, संचालकाच्या मेहुण्याचा टेम्पो वाहतुकीच्या ठेक्यासाठी उभा असतो, आणि व्यवस्थापकाचा फोन वाजतो. आणंदमध्ये हा सगळा दाब आधी त्रिभुवनदासांच्या ओसरीवर अडायचा. डेअरीतल्या माणसाला निवांतपणे डेअरी चालवता यावी म्हणून बाहेर कुणीतरी गावाला 'नाही' म्हणायला उभं राहावं लागतं. हे काम दिसत नाही आणि कुठल्या ताळेबंदात त्याची नोंदही होत नाही.

त्रिभुवनदास गावाला नाही म्हणू शकत होते, कारण गावाचं काम चोख होत होतं. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट सगळ्यांदेखत काढायची, पैसे लगेच द्यायचे. पाटीदार असो की दलित, रांग एकच आणि जो आधी येईल त्याचं दूध आधी. ज्या बाईच्या हातात संध्याकाळच्या दुधाचे पैसे सकाळी पडतात, ती अध्यक्षाच्या शब्दावर विश्वास ठेवते. विश्वास भाषणातून येत असता तर आपल्या राज्यात त्याचा महापूर यायला हवा होता.

मिळालेली मोकळीक कुरियन यांनी खालीही पोहोचवली. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात आणि मुंबईला तेवढं नको असायचं. उरलेल्या दुधाची पावडर करावी तर परदेशी तज्ज्ञांचं मत होतं की म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही. मिशिगनमधले कुरियन यांचे मित्र हरिचंद दलाया आणंदमध्ये आले होते. होईल, असं ते म्हणाले आणि त्यांनी ती करून दाखवली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पावडरच्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. दलायांचं डोकं नसतं तर अमूल, म्हणजे हाच खेडा संघ, जिल्ह्याचा एक बरा दूधसंघ राहिला असता. त्या डोक्याला काम करू देणारा माणूस कुरियन होते, आणि कुरियनांना काम करू देणारा माणूस त्रिभुवनदास. साखळी अशी असते.

१९७६ साली श्याम बेनेगलांनी याच दूध सहकारावर 'मंथन' काढला. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून तो उभा केला, आणि त्याच्या पटकथेशी विजय तेंडुलकरांचं नाव जोडलेलं आहे म्हणून मराठी माणसाला त्याचं विशेष अप्रूप. चित्रपट अप्रतिम आहे. पण त्याचा नायक बाहेरून गावात आलेला डॉक्टर आहे. कथेला असाच नायक लागतो. वीसहून अधिक वर्षं खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या कामात हात न घालणाऱ्या माणसावर चित्रपट कसा काढणार?

आणि हे फक्त गुजरातेत घडलं असंही नाही. त्याच सुमारास नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील हेच करत होते. शाळा जेमतेम, पण १९२३ पासून गावात पतपेढी चालवलेली. भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस पिकत होता, गुळाचे भाव शेतकऱ्याला बुडवत होते, आणि साखर कारखाने खासगी कंपन्यांचे होते. आपला कारखाना काढायचा, हा विठ्ठलरावांचा ध्यास. गावोगाव फिरून त्यांनी भागभांडवल जमवलं. शेअर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी विठ्ठलरावांचं तोंड बघून पैसे दिले. असा माणूस अध्यक्ष झाला असता तर कुणाची हरकत असणार होती? १९५० साली प्रवरा साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम सुरू झाला तेव्हा अध्यक्षपदी होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव उपाध्यक्ष.

या गोष्टीचा उल्लेख सहकाराच्या प्रत्येक गौरवग्रंथात येतो आणि तिचा अर्थ कुणी थांबून बघत नाही. गाडगीळ शेतकरी नव्हते, त्या गावचे नव्हते, त्यांच्या जातीचे मतदार तिथे नव्हते. त्यांना निवडून देण्यात विठ्ठलरावांचा राजकीय फायदा काहीच नव्हता. पण सरकारशी, वित्तसंस्थांशी बोलणी करायला, पोटनियम नीट बसवायला, हिशेबाची शिस्त लावायला आपल्याहून जाणता माणूस हवा, हे त्यांना कळलं होतं. कळणं वेगळं, त्यांनी ते वर्षानुवर्षं पाळलं. अर्थतज्ज्ञाला सल्लागार म्हणून बोलावणारे खूप भेटतात. विठ्ठलरावांनी त्याला आपल्या डोक्यावर बसवलं आणि सभासदांपुढे स्वतः त्याच्या शब्दाला जामीन राहिले.

मी इतक्या आग्रहाने हे मांडतो आहे, कारण नेतृत्वाची आपली कल्पना अजूनही घोड्यावर बसलेल्या माणसाची आहे. उद्योगातसुद्धा आपण 'एकहाती उभारलं' हे कौतुकाने म्हणतो. एकहाती उभारलेली गोष्ट तो हात थकला की बसते. आमच्या औद्योगिक वसाहतींमध्ये चांगल्या चाललेल्या कितीतरी कंपन्या अशा आहेत की मालक आठवडाभर आजारी पडला तर पंधरा हजारांच्या बिलावर सही होत नाही. मालक कष्टाळू, हुशार, प्रामाणिक. त्यांच्यापेक्षा जास्त कळणारा माणूस मात्र त्यांच्याकडे दोन वर्षांच्या वर टिकत नाही. त्याला पगार मिळतो, गाडी मिळते, केबिन मिळते, आणि त्याने घेतलेला निर्णय संध्याकाळी मालकांच्या घरी बदलला जातो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि ती कुरियन यांच्याच आयुष्यात आहे. त्रिभुवनदास सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपणहून बाजूला झाले. सभासदांनी प्रत्येकी एक रुपया काढून त्यांना थैली दिली. त्या पैशातून खेड्यांत आरोग्याचं काम करणारं त्रिभुवनदास फाउंडेशन उभं राहिलं. कुरियन यांना मात्र बाजूला होणं जड गेलं. १९९८ साली त्यांनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं अध्यक्षपद अमृता पटेल यांच्याकडे सोपवलं, पण पुढे धोरणावरून दोघांचे मतभेद चव्हाट्यावर आले. २००६ साली गुजरातच्या दूध महासंघाचं अध्यक्षपदही त्यांना कडवटपणे सोडावं लागलं. त्यांचे मुद्दे चुकीचे होते असं मी म्हणणार नाही; सहकाराच्या मालकीविषयीची त्यांची भीती खरी होती. पण सत्ताविसाव्या वर्षी ज्याला कुणीतरी मोकळं रान दिलं, त्यालाही पुढच्या माणसाला ते देताना इतका त्रास झाला. यावरून त्रिभुवनदासांनी केलेलं काम किती दुर्मीळ होतं ते कळतं. ते स्वभावाने येतं असं मला वाटत नाही. रोज, प्रत्येक चिठ्ठीच्या आणि प्रत्येक फोनच्या वेळी ते नव्याने करावं लागत असणार.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. प्रवरेनंतर आपल्याकडे कारखाने आणि दूधसंघ गावोगाव उभे राहिले, आणि बहुतेक ठिकाणी अध्यक्षाने आपल्याहून जाणत्या माणसाला वर बसवण्याची ती रीत पुढे गेली नाही. कार्यकारी संचालक हा अध्यक्षाचा खासगी सचिव होऊन बसला. २०२४ साली राज्याच्या दूध महासंघाचं, आपल्या 'महानंद'चं, व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे द्यावं लागलं. मंडळाचं मुख्यालय आणंदला आहे. मुंबईच्या दुधाचा प्रश्न सोडवायला पुन्हा तिथल्याच माणसांना बोलवावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं, कारण जी माणसं तिथे होती तशी इथेही होती. दुग्धशास्त्र शिकलेली, साखरेचं रसायन जाणणारी कितीतरी मराठी मुलं आज इतर राज्यांत आणि परदेशात मोठ्या जागांवर आहेत. इथल्या अध्यक्षांनी त्यांना पगार दिले असते, अधिकार दिले नसते.

सप्टेंबरमध्ये कारखान्यांच्या आणि संघांच्या वार्षिक सभा होतील. अहवालाचं पुस्तक घरी येईल. पहिल्या पानांवर फोटो, मग आकडे. वाचक सभासद असतील तर त्यांनी या वेळी भावाच्या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न लेखी द्यावेत. गेल्या दहा वर्षांत कार्यकारी संचालक किती बदलले आणि का? नोकरभरतीच्या यादीवर शेवटची सही कुणाची असते? आणि व्यवस्थापनाचा कुठला निर्णय संचालक मंडळाने फिरवला, तर त्याचं कारण इतिवृत्तात लिहिलेलं आहे का? खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्यांना हे प्रश्न सभेत विचारता येणार नाहीत, पण नवी नोकरी धरताना मुलाखतीत जरूर विचारता येतील.